आपले गुण आपल्या तोंडाने सांगा



आपल्या घरात मुलगा पदवीधर होतो, मुलगी आयटीआय पास होते आणि एके दिवशी मुलाखतीचे पत्र येते. आदल्या रात्री घरात कोणाला धड झोप लागत नाही. पहाटे आई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावते. बाप एसटीच्या भाड्याचे पैसे हातावर ठेवतो आणि म्हणतो, "जाऊन ये बाबा. पण आपल्याला कोण देणार नोकरी!"

बापाच्या पोटात माया असते, हे खरे. पण त्याच्या त्या एका वाक्याने मुलाचे निम्मे बळ उंबरठ्यावरच गळून पडते. मग साहेब विचारतात, "तुमच्याविषयी काही सांगा." मुलगा मान खाली घालतो आणि पुटपुटतो, "काही विशेष नाही साहेब. द्याल ते काम करीन."

हे "काही विशेष नाही" कोठून आले? ते त्या मुलाचे नव्हे. गावकुसाबाहेर पिढ्यान् पिढ्या वाकून "जोहार मायबाप" म्हणायला लावले गेले, त्या जोहाराचे ते उरलेले शेपूट आहे. 1956 साली परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. घरातले देव गेले, जुने सण गेले. पण गळ्यातला जोहार अजून गेला आहे काय? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

काही उपासक म्हणतील, "स्वतःची स्तुती करणे हा अहंकार. धम्मात अहंकाराला थारा नाही." प्रश्न योग्य आहे, म्हणून त्याचा विचार नीट करू. चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे आहे. जे येत नाही ते येते म्हणणे, हे शील मोडणे झाले. पण जे येते ते येत नाही म्हणणे, हे तरी खरे बोलणे आहे काय? तीन वर्षे लेथवर घाम गाळलेला मुलगा "मला काही येत नाही" म्हणाला, तर तो नम्र नाही. तो आपल्याच कष्टांविषयी असत्य बोलतो आहे. सम्यक वाचा म्हणजे जेवढे आहे तेवढे सांगणे. वाढवूनही नाही आणि लपवूनही नाही.

उपालीची कथा आठवा. उपाली हा शाक्य राजपुत्रांचा न्हावी. राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांनीच तथागतांना विनंती केली, की आमच्या आधी उपालीला दीक्षा द्यावी, म्हणजे त्याला वंदन करताना आमचा कुळाचा अभिमान गळून पडेल. पण उपालीची थोरवी एवढ्याने ठरली नाही. त्याने विनयाचा असा अभ्यास केला, की तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली तेव्हा विनय कोणी सांगायचा, या प्रश्नाला उत्तर एकच होते. महाकाश्यपांनी भर संघात एकेक नियम विचारला : हा कोठे घातला, कोणामुळे घातला, कोणत्या प्रसंगी घातला? उपालींनी एकेकाचे उत्तर दिले. धम्माविषयीचे प्रश्न मात्र आनंदांना विचारले गेले. ही मुलाखत नाही तर काय? उपाली "मी न्हाव्याचा पोर, मला काय कळते" असे म्हणाले नाहीत. तसेच जो विषय आनंदांचा, त्यात त्यांनी तोंड घातले नाही. जे आपले, ते ठामपणे सांगितले.

आता आपल्या कोल्हापूरचे पाहू. 26 जुलै 1902 रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासवर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पदरी नोकर होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला लावले. भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल निघाले; 'सत्यसुधारक' हे त्याचे नाव. लोक फिरकेनात, तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा पीत आणि बरोबरच्यांनाही पाजत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. महाराजांनी दार उघडून दिले, पण भर रस्त्यावर आपल्या नावाने दुकान मांडून उभे राहण्याची छाती गंगारामांचीच होती.

म्हणून आरक्षणाच्या जागेवर अर्ज करताना मान खाली घालू नका. ती भीक नव्हे, हक्क आहे. 1990 साली केंद्र शासनाने बौद्धांनाही अनुसूचित जातींत धरले. दार कायद्याने उघडले. आत गेल्यावर बोलायचे मात्र आपल्यालाच.

आता व्यवहाराचे चार शब्द.

एका वहीत आपण केलेले प्रत्येक काम लिहून काढा. उद्यमनगरात लेथ चालवला, सुट्टीत गुऱ्हाळावर हिशेब ठेवला, जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च पैशापैशाने जुळवून दिला, धाकट्या भावंडांना शिकवले. हे सगळे गुण आहेत. "मी मेहनती आहे" असे कोणीही म्हणतो. "जयंती मंडळाचा दोन वर्षांचा हिशेब माझ्याकडे होता, एक रुपयाचाही फरक पडला नाही" असे म्हणाल तर साहेब मान वर करून पाहतील.

जे येत नाही त्याविषयी विचारले, तर सरळ सांगा : "हे अजून शिकलो नाही, शिकेन." आडनावावरून, गल्लीवरून कोणी आडून चौकशी केली, तर चाचरू नका. "मी बौद्ध आहे" एवढे शांतपणे सांगा आणि पुन्हा कामाच्या बोलण्यावर या.

जातीचा दाखला, पडताळणीचे प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि त्यांच्या प्रती आधीच तयार ठेवा. पत्र आल्यावर धावपळ करणारा घाबरलेलाच आत जातो.

रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास याच कामाला द्या. नोकरीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी साहेब व्हावे, मुलामुलींना समोर बसवून प्रश्न विचारावेत. पहिल्या वेळी घशाला कोरड पडेल, चौथ्या वेळी आवाज मोकळा होईल. मुलींना मागे बसवू नका.

आणि एवढे करूनही नकार आला तर? 1917 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर गेले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकीत. राहायला जागा मिळेना. ओळख लपवून पारशांच्या धर्मशाळेत उतरले, तेथूनही त्यांना बाहेर काढले गेले. त्या दिवशी कमी कोण ठरले, बाबासाहेब की बडोदे? पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, ते मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. नकार हा कधी आपल्या उणिवेचा असतो, तेव्हा ती भरून काढावी. कधी तो समोरच्याच्या डोळ्यातल्या पडद्याचा असतो, तेव्हा तो आपल्या काळजाला लावून घेऊ नये.

तथागतांनी अखेरच्या दिवसांत आनंदांना हेच सांगितले, की दुसऱ्याच्या आधाराकडे पाहू नका, स्वतःचाच आश्रय घ्या.

कोल्हापूरच्या बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीतच, 1950 साली उभा राहिला. मुलाखतीला जाताना वाटेत क्षणभर तेथे थांबा आणि मान वर करून पाहा. आणि मायबापांनो, पुढच्या खेपेला एसटीचे पैसे हातावर ठेवताना एवढेच म्हणा, "जा. तुला काय काय येते, ते सांगून ये."

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.