बर्फाच्या खुणा

पाणी तापलं की त्यात साखर जास्त मुरते, हे आपल्याला पाक करताना कळतं. पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलअमाइड हा बहुवारिक मात्र उलट्या स्वभावाचा. गार पाण्यात त्याच्या साखळ्या ऐसपैस पसरतात आणि सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर त्यांना पाणी नकोसं होतं. या साखळ्या जागोजागी एकमेकींशी बांधलेल्या असल्या, तर अख्खं जेल पाणी ओकून आक्रसतं. गार करा, पुन्हा फुगतं. खरवस एकदा धरला की धरला. इथे परतीची वाट उघडी असते. जेलचं आकारमान असं एकाएकी कोसळू शकतं, हे तोयोइची तानाका यांनी १९७८ साली एमआयटीत दाखवलं. त्यांचं जेल वेगळं होतं, पण तेव्हापासून या पदार्थांनी भल्याभल्यांना नादी लावलं आहे.

तापताना काचेसारखं जेल दुधाळ होतं. म्हणजे आत कुठे दाट, कुठे विरळ झालं आहे आणि हे ठिपके प्रकाशाला विखुरण्याइतके मोठे आहेत. इतकं नुसत्या डोळ्यालाही कळतं. पुढचं पाहायचं, तर पंचाईत सुरू होते.

नेहमीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात लागतो, आणि फुगलेलं जेल म्हणजे बहुतांश पाणीच. म्हणून ते गोठवायचं, वाळवायचं आणि मग फोटो काढायचा. फोटो देखणा येतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. शोधनिबंधांतून तो ‘जेलची रचना’ म्हणून सर्रास छापला जातो, आणि मला तो पाहिला की हसू येतं. जेलची खरी जाळी काही नॅनोमीटरची. फोटोतली भोकं कित्येक मायक्रोमीटरची, म्हणजे हजारपट मोठी! गोठताना बर्फाचे स्फटिक साखळ्यांना बाजूला रेटतात, पुढे बर्फ उडून जातो आणि त्याची जागा तेवढी रिकामी उरते. तेच जेल झटकन गोठवलं की भोकं बारीक होतात. चोरी तिथेच पकडली जाते. शिवाय तापलेला नमुना गोठायला निघाला की वाटेत ३२ अंश ओलांडतोच. तिथे तो पुन्हा फुगू लागला, तर आपण नेमकं काय पाहिलं?

न्यूट्रॉनना वाळवण लागत नाही. हायड्रोजन आणि ड्यूटेरियम न्यूट्रॉनना वेगवेगळे विखुरतात, म्हणून जेल जड, म्हणजे ड्यूटेरियमच्या, पाण्यात भिजवलं की साखळ्या उठून दिसतात. तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीवर अशा लहान कोनांतल्या विकिरणाची सोय आहे. हाती फोटो येत नाही, एक उतरती रेघ येते. तिच्यावरून जाळीचा अंदाज बांधायचा, आणि त्यासाठी आधी एखादं प्रारूप गृहीत धरायचं. मला ही रेघ त्या पोळ्यापेक्षा प्रामाणिक वाटते, कारण निदान ती आपल्याला पाहिल्याचा भास देत नाही. तरी एक गोम उरतेच. जेलमधलं पाणी काढायचं नव्हतं, म्हणून आपण ते बदललं. आणि जड पाण्यात हे जेल थोड्या जास्त तापमानाला आक्रसतं.