तो परत आत गेला होता का?

दिवाळीच्या दिवसांत आगीची गोष्ट सांगणे बरे नव्हे. पण सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही.

बक जोन्स हा अमेरिकन पडद्यावरचा काऊबॉय. मूकपटांत नावारूपाला आला आणि चित्रपट बोलू लागल्यावरही टिकला. त्या काळी जीन ऑट्री घोड्यावरून गात असे. जॉन वेननेही १९३३ साली ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’त गाण्याचे सोंग केले, गळा दुसऱ्याचा, पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्याला त्याचे काय नवल म्हणा! जोन्स त्या भानगडीत पडला नाही. ‘सिल्व्हर’ घोड्यावर बसून दुबळ्याच्या बाजूने उभे राहायचे, एवढेच त्याचे काम. मुलांचा तो जीव की प्राण.

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बोस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ क्लबला आग लागली. फिरता दरवाजा माणसांच्या रेट्याने अडकला, बाजूची काही दारे कुलूपबंद होती. ४९२ माणसे गेली. जोन्स दोन दिवसांनी वारला. तो सुखरूप बाहेर आला होता, पण इतरांना काढायला पुन्हा आत शिरला, अशी कथा जगभर पसरली. मीही ती वर्गात रंगवून सांगत असे.

पुढे वाचनात आले की, तो बाहेर आलाच नव्हता. बसल्या जागीच धुराने घेरला गेला होता.

आधी सांगितले ते अज्ञानाने. पण कळल्यावरही मी गप्प राहिलो, ते मात्र खोटेच. कारण मधल्या काळात माझा एक विद्यार्थी विहिरीत पडलेल्या पोराला काढायला उतरला होता. दोघेही वाचले. “तुमचा तो घोडेवाला आठवला, गुरुजी,” तो म्हणाला होता. पोर वाचले म्हणून कथा चांगली म्हणावी, तर दोघे बुडाले असते तर ते पाप कोणाच्या माथी? आणि आता खरे सांगून त्याच्या धैर्याखालचा दगड मी काढून घ्यावा काय?

दर पाडव्याला तो फराळाचा डबा घेऊन येतो. गेल्या पाडव्याला मी सारे सांगून टाकले. हातातला लाडू तसाच ठेवून तो थोडा वेळ गप्प बसला.

“मग त्याला बाहेर कुणी काढलं, गुरुजी?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या मनाला शिवलादेखील नव्हता.