नेम कोणाचा?

'शास्ते' ह्या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात बन्यामिन वंशातील सातशे डावखुऱ्या योद्ध्यांचा उल्लेख येतो. गोफणीने केसावर दगड मारला तरी त्यांचा नेम चुकत नसे. तिथे 'चुकणे' ह्यासाठी जे हिब्रू क्रियापद आले आहे, तेच इतरत्र 'पाप करणे' ह्या अर्थाने योजलेले आढळते. नव्या करारातील पापवाचक ग्रीक शब्दाचे मूळही नेम चुकण्यातच आहे. धर्माने पापासाठी नेमबाजाचा शब्द उसना घ्यावा, ही मोठी विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, जिचा नेम सहसा चुकू नये अशी बंदूक आता माणसाने घडविली आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ट्रॅकिंगपॉइंट ह्या कंपनीने २०१३ साली ती बाजारात आणली. किंमत वीस हजार डॉलरांहून अधिक. तिच्या दुर्बिणीत एक छोटा संगणकच बसविलेला होता. दुर्बिणीतून लक्ष्य पाहावे आणि चापाजवळची कळ दाबून त्यावर खूण करावी. मग लेसर किरण अंतर मोजी. तापमान, हवेचा दाब, बंदुकीचा कल हे सारे हिशेबात घेतले जाई. वाऱ्याचा वेग तेवढा माणसाने भरायचा. त्यानंतर चाप ओढला तरी गोळी तत्काळ सुटत नसे. हात कापत असेल, श्वास वरखाली होत असेल. बंदूक थांबून राही, आणि नळीचा रोख त्या खुणेशी जुळला की मगच बार उडे.

नेमबाजी ही एक तपश्चर्या आहे. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे ह्यांच्या क्रीडाप्रकारात बंदुकीवर दुर्बीण लावण्याचीही मुभा नसते. श्वास आवरणे, मन निवविणे, हे ज्याचे त्यानेच साधायचे. साहजिकच, यंत्राने ही साधना निरर्थक केली अशी खंत अनेक जण व्यक्त करतात. खेळापुरती ती मला मान्य आहे. माणसावर रोखलेल्या बंदुकीच्या बाबतीत मात्र ती अर्धीच पटते.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी कला आणि विवेक ह्यांत भेद केला आहे. वस्तू उत्तम घडविण्याचे ज्ञान ती कला. आपले आचरण योग्य करण्याचे ज्ञान तो विवेक. कसबी माणूस सज्जन असेलच असे नाही. त्या सातशे गोफणकऱ्यांचेच पाहा ना! गिबा नगरातील ज्या नराधमांनी एका असहाय स्त्रीची विटंबना करून तिचा जीव घेतला, त्यांना शासन होऊ नये म्हणून बन्यामिनी लोक युद्धाला उभे राहिले, आणि हे गोफणकरी त्यांच्याच सैन्यात होते. दगड केसावर लागत होता. नेम मात्र कधीच चुकला होता.

तरीही कसब कमावण्यास लागणारी वर्षे व्यर्थ नव्हती असे मला वाटते. त्या काळात मनुष्य निदान वाट पाहायला शिकत असे. ११३९ सालच्या दुसऱ्या लॅटरन धर्मसभेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध धनुष्य व चापयुक्त धनुष्य वापरण्यास मनाई केली होती. (इतरांविरुद्ध काय, ह्याविषयी ती सभा गप्प राहिली, हेही नमूद केले पाहिजे.) त्या चापाच्या धनुष्याला फारशी साधना लागत नसे, थोडक्या शिक्षणाने कोणीही कवचधारी सरदाराला लोळवू शके. मनाई फारशी कोणी पाळली नाही.

खरा प्रश्न संमतीचा आहे. धर्मशिक्षणात आपण शिकलो की, प्राणघातक पापाला गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते. ह्या बंदुकीत संमतीचा क्षण कोणता? चाप ओढला तो, की गोळी सुटली तो? माझ्या मते खूण केली तो. पूर्वी गोळी सुटेपर्यंत बोट मागे घेता येई. इथेही येते, परंतु खूण करून झाल्यावर माणसाला काम उरकल्यासारखे वाटू लागते, आणि हीच खरी धोक्याची जागा आहे.

२०१५ साली दोन संशोधकांनी वाय-फायद्वारे ह्याच बंदुकीच्या संगणकात शिरून दाखविले. गोळीच्या वजनाचा खोटा आकडा भरताच ती शेजारच्या लक्ष्यावर जाऊन आदळली. चाप ओढणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसता. मात्र बोटाने चाप ओढल्याविना गोळी सोडणे त्यांनाही जमले नाही.

पुढे अमेरिकी सैन्याने २०२२ साली अडीच लाखांपर्यंत संगणकयुक्त दुर्बिणी घेण्याचा करार केला. पोप फ्रान्सिस ह्यांनी जून २०२४ मध्ये इटलीत भरलेल्या जी-७ परिषदेत, कोणत्याही यंत्राने माणसाचा जीव घेण्याचा निर्णय कधीही करू नये, असे निक्षून सांगितले. ते यंत्रांना उद्देशून नव्हते. यंत्रांचे हिशेब कोणी तरी बसून लिहितो. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले-मुली आज संगणक अभियंते आहेत. असे काम त्यांच्या टेबलावर आले तर आईवडिलांशी, धर्मगुरूंशी ती बोलतील काय? आणि बोलली, तर आपल्यापाशी पगाराच्या आकड्यापलीकडे विचारण्याजोगे काही असेल काय?