अचेतनाला हेतू असतो का?

जाणीव नसलेली वस्तू हेतू साधू शकते का, यावर सांख्य आणि वेदान्त यांचा जुना वाद आहे. वासराच्या पोषणासाठी अचेतन दूध स्रवते, तशीच अचेतन प्रकृती पुरुषाच्या (चेतन आत्म्याच्या) मोक्षासाठी प्रवृत्त होते, असे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत ५७व्या कारिकेत म्हटले आहे. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात हे खोडून काढतात: रथ आपणहून चालत नाही, आणि दुधामागेही गाईचे वात्सल्य असते.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतला ओव्हररनिंग क्लच या वादाला फार नेमका लागू पडतो. अनेक एटीव्हींत, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत, तो पुढच्या डिफरन्शियलमध्ये असतो. बाहेरची कडी इंजिनाच्या ताकदीने फिरते, आतली चाकाला जोडलेली असते आणि मधल्या फटीत पोलादी रोलर असतात. बाहेरच्या कडीला आतून उतार दिल्यामुळे ही फट निमुळती होत जाते. पुढचा ड्राइव्ह मुद्दाम मागच्यापेक्षा थोडा संथ ठेवतात. त्यामुळे एरवी पुढची चाके ड्राइव्हच्या पुढे धावतात आणि रोलर सैल राहतात. चिखलात मागची चाके जागीच फिरू लागली की गाडी मंदावते, ड्राइव्ह पुढच्या चाकांना गाठतो, रोलर पाचरीसारखे अडकतात आणि पुढची चाके गाडी ओढू लागतात. चालकाने चारही चाकांच्या ड्राइव्हचे बटण आधीच दाबलेले असले, तरी अडकण्याचा क्षण तो ठरवत नाही.

गरज पडताच क्लच मदतीला येतो, असे सहज म्हटले जाते. पण रोलरला गरज ठाऊक नसते. तिथे घर्षण आणि उताराचा कोन एवढेच असते. कोन जास्त झाला तर रोलर निसटतो, फार कमी झाला तर अडकलेला लवकर सुटत नाही. भौतिकीचे नियम दोन्ही वेळा तंतोतंत पाळले जातात. बिघाड ठरतो तो हेतूच्या मापाने. यंत्राची रचना भौतिकीच्या नियमांतून निघत नाही, असे विज्ञानाचे तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६८ साली मांडले, ते याच अर्थाने.

रचनेपुरता शंकराचार्यांचा पक्ष इथे भक्कम ठरतो, कारण कोन ठरवणारा चेतनच असतो. सांख्यांचेही एक म्हणणे मात्र टिकते: रचना झाल्यावर क्षणोक्षणी सारथी लागत नाही. तथापि प्रकृतीला कर्ता नाही, हा सांख्यांचा मूळ दावा यातून सिद्धही होत नाही आणि खोडलाही जात नाही. मानवनिर्मित यंत्राचा दाखला तिथवर पोचत नाही.