बारा तासांच्या पाळीत एकच अर्धा तास

१ जुलै २०२५ रोजी गुजरात सरकारने वटहुकूम काढून कारखाना कायदा बदलला आणि सप्टेंबरात विधानसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा चर्चा झाली ती दोन गोष्टींची: दिवसाच्या कामाचे नऊ तास बारापर्यंत नेता येणार आणि स्त्रियांना रात्रपाळी खुली होणार. त्याच बदलात आणखी एक आकडा हलला होता. विश्रांती न देता सलग किती तास काम घेता येईल, याची मर्यादा पाच तासांची होती. ती सहापर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यातले कितीतरी लोक यंत्रमागाच्या खात्यांत आणि साड्यांच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये राबतात. त्यांच्या घरीसुद्धा या आकड्यावर कोणी बोलल्याचे मी ऐकले नाही. माझ्या मते या कायद्यातला सर्वांत जाचक बदल हाच आहे.

हिशेब सोपा आहे. १९४८च्या कारखाना कायद्याचे ५५वे कलम सांगत होते की पाच तासांच्या आत कामगाराला किमान अर्धा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. पाळी बारा तासांची असेल, तर पाच तास काम, अर्धा तास सुट्टी, पुन्हा पाच तास काम, इतके करूनही पाळी शिल्लक राहते. म्हणजे मालकाला दुसरी सुट्टी देणे भागच पडते. पाचाचे सहा केले की सहा आणि सहा अशी पाळीची बरोबर दोन भागांत विभागणी होते आणि एका सुट्टीत काम भागते. वरवर पाहता सुट्टी तासभर पुढे ढकलली गेली, एवढेच दिसते. प्रत्यक्षात बारा तासांच्या पाळीतली एक सबंध सुट्टी कायद्याने काढून घेतली. जुन्या कायद्यातही सहा तासांची सवलत होती, नाही असे नाही. पण ती लेखी आदेशाने, त्या कारखान्यापुरती आणि कारणे नमूद करूनच देता येत असे. कारण सांगावे लागणे हेच कामगाराचे संरक्षण होते.

हाच प्रयोग सुरतेने एकदा पाहिला आहे. १७ एप्रिल २०२०ला, टाळेबंदी चालू असताना, गुजरात सरकारने अधिसूचना काढून दिवसाला बारा आणि आठवड्याला बहात्तर तास कामाला परवानगी दिली होती. त्यातही सहा तासांनंतर अर्धा तास होता आणि जादा कामाला दुपटीऐवजी साधाच दर होता. गुजरात मजदूर सभा सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, इंदू मल्होत्रा आणि के. एम. जोसेफ यांच्या पीठाने अधिसूचना रद्द केली आणि झालेल्या जादा कामाचा कायदेशीर मोबदला द्यायला सांगितले. साथीमुळे आलेली आर्थिक ओढाताण ही कायद्याला अभिप्रेत असलेली 'सार्वजनिक आणीबाणी' नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पाच वर्षांनी आणीबाणीचे कारण न देता, सरळ कायदा दुरुस्त करून बारा तासांचा दिवस आणि सहा तासांची मर्यादा परत आली.

सरकारचे उत्तर असे की आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम आहे. चार दिवस बारा तास काम करा आणि उरलेले दिवस घरी राहा. एखाद्या मोठ्या, नोंदणीकृत, हजेरीपट असलेल्या कारखान्यात हे घडेलही. सुरतेचे माग मात्र कित्येक वर्षे दोन पाळ्यांत चालत आले आहेत. सकाळी सातला दिवसपाळी लागते आणि संध्याकाळी सातला रात्रपाळीचा जोडीदार त्याच मागांसमोर उभा राहतो. आठवड्यातून चार दिवस येऊन इथे कोणाचे भागत नाही. बारा तासांची पाळी बेकायदा होती तेव्हाही ती चालूच होती. निदान ती बेकायदा आहे, असे म्हणता तरी येत होते.

आत गेल्याशिवाय सुट्टी या गोष्टीचा अर्थ लागत नाही. लिंबायतच्या एखाद्या गल्लीत शिरलात की खाते दिसण्याआधी ऐकू येते. आत माणसाच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय शब्द पोचत नाही. एका कारीगराकडे सहा, आठ, कधी त्याहून जास्त माग असतात. तो त्यांच्या दोन रांगांमधल्या बोळात येरझाऱ्या घालतो. ताण्याची तार तुटली की वाकून ती शोधायची, गाठ मारायची, बॉबिन संपली की बदलायची, माग चालू करायचा, तोवर मागे दुसरा थांबलेला असतो. जेवायची वेळ झाली की तो भिंतीशी उकिडवा बसतो आणि डबा उघडतो. पाठीशी माग चालूच असतात, आणि घास तोंडात असतानाही त्याचे कान त्या आवाजात एखादा माग गप्प झाला का ते टिपत असतात. शेजारच्या बोळातला कारीगर तेवढ्या वेळात दोघांचे माग बघतो. मग याचे जेवण झाले की हा त्याचे बघतो. म्हणजे जी काही सुट्टी मिळते ती शेठ देत नाही, जोडीदार देतो, आणि तीही अंगावर दुप्पट काम घेऊन. खरी सुट्टी मिळते ती वीज गेल्यावर. तेव्हा सगळे खाते एकदम शांत होते आणि माणसे दारात येऊन बसतात.

या कारीगराला पगार मिळतो तो मीटरवर. मजुरी मीटरमागे काही पैशांच्या हिशेबात ठरते आणि माग थांबला की कमाई थांबते. कायद्याच्या पुस्तकातला अर्धा तास इथे कारीगराच्या स्वतःच्या खिशातून जातो. म्हणून कोणी विचारले की सुट्टी हवी का, तर बहुतेक जण नको म्हणतात. मालक हे उत्तर पुराव्यासारखे पुढे करतात: बघा, त्यांनाच नको आहे. मला हा युक्तिवाद मान्य नाही. ज्याला थांबण्याची किंमत स्वतः मोजावी लागते, त्याच्या 'नको'ला मर्जी म्हणता येत नाही. घरभाडे, गावी धाडायचे पैसे, पोरांची फी यांचे गणित मीटरवर बसवलेले असताना तो दुसरे काय म्हणणार? सुट्टीच्या वेळेची मजुरी धरून दर ठरवा आणि मग तोच प्रश्न विचारा. वराछा-कतारगामच्या हिरे कारखान्यांतही हीच गोष्ट आहे. तिथे घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसणाऱ्या कारागिराला नगावर मजुरी असते. कामाची जागा स्वच्छ, खुर्ची बरी, पण मान वर काढण्याचा प्रत्येक क्षण त्याच्याच हिशेबातून वजा होतो.

हा अर्धा तास आला कुठून, हे मराठी वाचकाला तरी ठाऊक असायला हवे. सप्टेंबर १८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगाकडे दिले. मागण्या मोजक्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, आणि यंत्रावर जायबंदी होणाऱ्याला आधार. सत्यशोधक चळवळीतला, 'दीनबंधू' चालवणारा हा माणूस गिरणीत भांडारपाल म्हणून काम केलेला होता. दुपारी गिरणीत काय चालते ते त्याला माहीत होते. रविवार मिळायला १८९० उजाडले, आणि दुपारचा अर्धा तास १८९१च्या कायद्याने दिला. त्याच कायद्याने स्त्रियांचा दिवस अकरा तासांवर आणला आणि त्यात दीड तासाची विश्रांती ठेवली.

ही शेवटची तरतूद मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. १८९१ साली, परक्या सरकारच्या राज्यात, अकरा तासांच्या दिवसात गिरणीतल्या बाईला दीड तास. आज बारा तासांच्या पाळीत अर्धा तास, आणि वर रात्रपाळीची मोकळीक. रात्रपाळी बाईने करावी की नाही, हे तिचे तिने ठरवावे. त्याला माझा विरोध नाही. पण रात्री दोन वाजता तिला अर्धा तास मिळाला तर ती तो कुठे घालवणार? कारखाना कायद्यानुसार विश्रांतीची आणि जेवणाची खोली दीडशेहून अधिक कामगार असतील तरच बंधनकारक होती. सुरतेतली बहुसंख्य खाती त्या संख्येच्या जवळपासही जात नाहीत. कित्येक जागी स्वच्छतागृह एकच असते आणि बायका दिवसभर पाणी कमी पितात. खोली नसलेली, संडास नसलेली, आवाजातच घालवायची सुट्टी कागदावर अर्धा तास असली तरी शरीराला त्यातून काही मिळत नाही.

मालकांची बाजू मी हलकी मानत नाही. सुरतेतले बरेच विणकर मालक स्वतःच जॉबवर्कवर चालतात. ग्रे कापडाचा भाव रिंगरोडवरचा बाजार ठरवतो, पैसे महिनोन्‌महिने अडकतात, विजेचे बिल मात्र थांबत नाही. माग अर्धा तास बंद ठेवला तर तेवढे मीटर गेलेच, आणि शेजारच्याने बंद ठेवले नाहीत तर आपण मागे पडलो, ही भीती खरी आहे. पण ही भीती एकट्या मालकाच्या नियमाने जात नाही. सगळ्यांना सारख्या लागू असलेल्या नियमाने जाते. मंदीत हेच मालक एकत्र बसतात आणि पाळी कमी करतात, एखाद-दोन दिवस खाती बंद ठेवतात, दिवाळीनंतर माग आठवडेच्या आठवडे थंड असतात. भाव सावरण्यासाठी सगळ्या गावाचे माग एकमताने थांबू शकतात, तर माणूस सावरण्यासाठी दुपारी अर्धा तास का थांबू नयेत?

युरोपातही सहा तासांचाच नियम आहे, असे कोणी दाखवून देईल. खरे आहे. जर्मनीत सहा तासांहून जास्त सलग काम घेता येत नाही. मात्र तिथे काम नऊ तासांच्या पुढे गेले की विश्रांती अर्ध्या तासावरून पाऊण तासावर जाते, आणि दिवस दहा तासांच्या पुढे नेता येत नाही. कॅलिफोर्नियात पाचव्या तासाच्या आत जेवणाची सुट्टी द्यावी लागते, आणि काम दहा तासांहून जास्त असेल तर दुसरी. दोन्हीकडचे सूत्र एकच आहे: दिवस वाढला की विश्रांती वाढते. आपण दिवस वाढवला आणि विश्रांती घटवली. महाराष्ट्राने याकडे गुजरातची गोष्ट म्हणून पाहू नये. सप्टेंबर २०२५मध्ये आपल्या मंत्रिमंडळानेही दिवसाचे नऊ तास बारा करण्याला मंजुरी दिली आहे, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे माग सुरतेहून वेगळे चालत नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत दिवसाच्या कामाचे आठ तास लिहिले आहेत, पण विश्रांती किती आणि केव्हा, हे संबंधित सरकारने अधिसूचनेने ठरवायचे आहे. लोखंड्यांपासून झगडून मिळवलेला आणि १९४८च्या कायद्याच्या कलमात बसलेला अर्धा तास आता कलमातून अधिसूचनेत उतरला. अधिसूचना एका सहीने बदलते. शिवाय विजेवर चालणाऱ्या जागी वीस कामगार असतील तरच या संहितेने त्याला कारखाना म्हटले आहे. पूर्वी ही संख्या दहा होती. एकाच छपराखाली दोन नावांनी खाती दाखवण्याची रीत सुरतेला नवी नाही.

तेव्हा मागणी अधिसूचनेकडे करावी लागेल, आणि ती नेमकी हवी. दहा तासांहून लांब पाळीत दोन सुट्ट्या. सुट्टीत माग बंद, जोडीदाराच्या अंगावर टाकलेले नव्हेत. मीटरवर किंवा नगावर मजुरी असेल तिथे सुट्टीच्या वेळेची मजुरी दरात धरलेली आणि ती वेगळी दाखवलेली. छोटी खाती एका गाळ्यात असतील तर त्या सगळ्यांत मिळून एक विश्रांतीची खोली आणि बायकांसाठी वेगळे स्वच्छतागृह. आणि पाळीच्या वेळांचा फलक दारावर गुजरातीबरोबर उडिया, हिंदी आणि मराठीतही, कारण माग चालवणारे ओडिशातल्या गंजामचे, उत्तर प्रदेशचे, नंदुरबार-धुळ्याचे आहेत. यातली दराची गोष्ट सरकारच्या आधी सुरतेतच सुटू शकते. दिवाळीनंतर खाती उघडतात तेव्हा मीटरचा भाव पैशापैशाने नव्याने बोलला जातो. त्या बोलण्यात अर्ध्या तासाचे पैसे वेगळे मागायला कारीगरांनी येत्या दिवाळीपासूनच सुरुवात करावी.