पदराची गाठ कोणी मारली?

एखाद्या मोठ्या कार्यालयातील विभागप्रमुख सकाळी आपल्या जागेवर येऊन बसतो, तोच संगणकाच्या पडद्यावर त्याला दोन ओळी दिसतात : आजच्या बैठकीत जे सहसा बोलत नाहीत, त्यांचे मत आधी विचारा. सूचना देणारा मनुष्य नसतो, यंत्र असते. हैद्राबाद, वडोदरा, इंदूर येथील आपली कित्येक मुले अशा कार्यालयांत नोकरीला आहेत, म्हणून हा विषय वाचकांना अगदीच परका वाटू नये.

गूगल कंपनीने २००८ साली आपल्याच व्यवस्थापकांची तपासणी आरंभिली. वरिष्ठ असला काय नि नसला काय, काम सारखेच होते की काय, हे तिला पाहावयाचे होते. फरक पडतो, असे आढळले. चांगल्या वरिष्ठाचे जे आठ गुण निघाले, त्यांत हाताखालच्यांना नीट शिकविणे हा पहिला होता आणि स्वतःचे तांत्रिक ज्ञान शेवटचा. त्या कंपनीचे मनुष्यबळ-प्रमुख लास्लो बॉक यांनी पुढे २०१७ साली 'ह्यूमू' नावाची स्वतंत्र कंपनी काढली. कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यावयाची, तिच्यावरून यंत्राने निष्कर्ष काढावयाचा आणि वरिष्ठाला वेळेवर लहानशी आठवण द्यावयाची, ही तिची रीत. २०२३ साली ती कंपनी 'परसेप्टिक्स'ने विकत घेतली.

आता प्रश्न असा की, यंत्राच्या सांगण्यावरून केलेली विचारपूस ही विचारपूस होय काय?

पुष्कळजण चटकन 'नाही' म्हणतील. आम्ही इतक्या घाईने म्हणणार नाही. जुन्या बाया विसर पडू नये म्हणून पदराला गाठ मारीत. आजारी जावेसाठी औषध आणावयाचे ते त्या गाठीमुळे आठवले, म्हणून जावेवरची माया खोटी ठरत नाही. मनुष्य विसराळू आहे, आणि ज्याच्या हाताखाली तीस माणसे आहेत तो तर अधिकच. उलट, आपण विसरू हे ओळखून गाठ मारणे हीच एक आस्था आहे.

पण ती गाठ ती बाई स्वतः मारी. येथे पदर एकाचा आणि गाठ मारणारा दुसराच. कंपनीला काम वाढवून हवे असते, माणसे सोडून जाऊ नयेत असेही वाटते; त्यासाठी ती वरिष्ठाच्या तोंडी गोड शब्द घालते. शब्द चांगलेच आहेत, परंतु ते कोणासाठी उच्चारले जातात?

हा पेच संगणकाच्या आधीचा आहे. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तेथे १९२८ ते १९३० या काळात एकवीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी ठरावीक प्रश्न विचारीत. पुढे ध्यानात आले की माणसाला त्याच्या मनचे बोलू द्यावे. बोलल्यावर कामगारांचे मन हलके होई, हे खरे. पुढे १९३६ पासून त्याच कारखान्यात केवळ ऐकून घेण्यासाठी सल्लागार नेमले. त्यांनी सर्व ऐकावे, गुप्त ठेवावे, पण कोणाची अडचण दूर करण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. गाऱ्हाणे ऐकले जाई, आणि गाऱ्हाण्याचे कारण जागच्या जागी राही! ऐकण्याचे असे कौशल्य म्हणजे आमच्या मते रडत्या मुलाला दाखविलेला खुळखुळा होय. खुळखुळा वाईट नाही. मूल भुकेले असेल तर मात्र तो फसवणूक आहे.

म्हणून विचारपुशीची आठवण कोणी दिली, यापेक्षा उत्तर आल्यावर काय झाले हे पाहावे. "आईला दर मंगळवारी दवाखान्यात न्यावे लागते," असे ती मुलगी म्हणाली. आता पाळी बदलून द्यावी लागेल, दुसऱ्या कोणाची नाराजी पत्करावी लागेल, कदाचित वरच्या साहेबाकडे शब्द टाकावा लागेल. येथवर यंत्र सोबत येते, पण ती नाराजी त्याला सोसावी लागत नाही.

आजकाल यंत्राने उभ्या केलेल्या कृत्रिम कर्मचाऱ्याशी बोलण्याचा सरावही करविला जातो. तो रागावतो, रडतो. चुकले तर पुन्हा आरंभ करता येतो. याला आमची हरकत नाही. वैमानिक १९३० च्या दशकापासून खोट्या विमानात शिकत आले, ते बरेच झाले. मात्र वैमानिकाला ठाऊक असते की खऱ्या विमानात माणसे बसलेली आहेत.

तेव्हा एखादी कंपनी असे यंत्र घेऊ लागली, तर आम्ही तिला इतकेच विचारू : ज्या प्रमुखाला तुम्ही ही आठवण देणार, त्याला कोणाची पाळी बदलण्याचा, चार दिवसांची रजा देण्याचा अधिकार आहे काय? नसेल तर आधी तो द्या, यंत्र मागाहून घ्या.