कार्डाची मागची बाजू

लंडनच्या वायव्येला हॅरो म्हणून भाग आहे. तिथल्या एका जुन्या विटांच्या घरात ऑक्टोबरच्या शेवटी बॉयलर बंद पडला. तिकडच्या घरात बॉयलर आंघोळीचं पाणी तर तापवतोच, पण भिंतीवरच्या रेडिएटरांमधून फिरणारं गरम पाणीही त्याचंच. सगळ्या घराची हिवाळ्यातली ऊब त्याच्यावर अवलंबून. आणि पुढच्याच आठवड्यात कराडहून माई येणार होत्या, पहिल्यांदाच, मुलाचा संसार बघायला.

नव्या बॉयलरसाठी एका कंपनीने 3,100 पाउंड सांगितले आणि तारीख दिली दोन आठवड्यांनंतरची. मग भाऊचं नाव निघालं.

आसपासची सगळी मराठी माणसं त्याला भाऊच म्हणत. नळ, फरशी, बाथरूम, त्याचं काम नेटकं. गणपतीत हॉलमधलं मखर तोच उभं करायचा आणि पैसे विचारले तर हात जोडायचा. त्याने 1,900 सांगितले, अर्धे रोख, अर्धे खात्यावर. एका दिवसात बॉयलर स्वयंपाकघरातल्या कपाटात बसला, रेडिएटर तापले. सुनेने त्याला दिवाळीच्या फराळाचा डबा बांधून दिला.

भाऊ लबाड नव्हता, हे इथेच सांगायला हवं. लबाड असता तर पुढचा निर्णय इतका जड गेला नसता.

माई आल्या आणि आठवड्याभरात त्यांचं डोकं दुखायला लागलं. प्रवासाचा शीण, थंडी, असं म्हणून दिवस गेले. त्यांचा सगळा वेळ स्वयंपाकघरात जायचा, खिडक्या घट्ट लावून. मळमळायचं, जेवण जायचं नाही. रविवारी मात्र सगळे बाहेर पडले की त्या टवटवीत. सुनेच्या हे लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

अर्थ लागला तो एका न आलेल्या कागदामुळे. महागड्या कंपनीच्या अंदाजपत्रकात एक ओळ होती: काम झाल्यावर इमारत नियमांनुसार प्रमाणपत्र टपालाने घरी येईल. महिना उलटला तरी तसं काही आलं नव्हतं. तिने भाऊने दिलेली पावती काढली. खाली ‘गॅस सेफ’चा सात आकडी नंबर होता. ब्रिटनमध्ये घरातल्या गॅसच्या कामाला हात लावायचा तर गॅस सेफ रजिस्टरवर नाव असावं लागतं. ते रजिस्टर कुणालाही फुकट तपासता येतं. तिने नंबर टाकला. नंबर खरा होता. पुढे आलेलं नाव दुसऱ्याच माणसाचं, दुसऱ्याच शहरातलं.

तिने आधी बॉयलर बंद केला, खिडक्या उघडल्या, माईंना शाल गुंडाळून बाहेर आणलं आणि 0800 111 999 फिरवला. गॅसच्या आणीबाणीचा हा नंबर दिवसरात्र चालतो. तासाभरात माणूस आला. त्याने मीटरजवळची कळ फिरवून गॅस तोडला, बॉयलरला धोक्याची चिठ्ठी लावली आणि विचारलं, “घरात कुणाचं डोकं दुखतं का?” त्याच संध्याकाळी माईंचं रक्त तपासलं तेव्हा त्यात कार्बन मोनॉक्साइड सापडला. प्रमाण फार नव्हतं, ऑक्सिजन लावला आणि त्या घरी आल्या. या वायूला वास नाही, रंग नाही, घशाला खवखव नाही. तो अंगात भिनतो आणि माणूस म्हणतो, थंडी बाधली.

खरं तर भिंतीवर एक साधा अलार्म असता तरी हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. इंग्लंडमध्ये 2022च्या ऑक्टोबरपासून नवा बॉयलर बसवताना तो लावणं बंधनकारक आहे. भाऊला ते माहीतच नव्हतं. शिकलेल्या माणसाला माहीत असतं, कारण त्याला त्याची परीक्षा द्यावी लागते आणि ती दर पाच वर्षांनी पुन्हा द्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने भाऊला फोन केला. भाऊ हादरलाच. “दादा, मी आत्ता येतो. जोड ढिला राहिला असेल, दहा मिनिटांचं काम आहे.” मुलगा हो म्हणणार होता. घर गोठलं होतं, माई दोन स्वेटर घालून बसल्या होत्या. सुनेने फोन हातातून घेतला आणि सांगितलं, “भाऊ, तुम्ही आता त्याला हात लावायचा नाही.”

इथे पुष्कळ लोक चुकतात. त्याच माणसाला बोलावून दुरुस्त करून घेतात, नाहीतर रागाच्या भरात सगळं उखडून नवीन बसवतात. दोन्हीत पुरावा जातो. तिने बॉयलर होता तसा ठेवला, कपाट उघडून सगळ्या बाजूंनी फोटो काढले, भाऊशी झालेले सगळे निरोप, बँकेतून गेलेल्या पैशांची नोंद एकत्र केली. लेखी करार नव्हता, पण “1,900 मध्ये बसवून देतो” हा निरोप होता, आणि तेवढ्यावर करार सिद्ध करता येतो. मग गॅस सेफकडे तक्रारीचा अर्ज भरायला ती बसली.

तेवढ्यात भाऊचा पुन्हा फोन आला. आता आवाज बसलेला. “वहिनी, सगळे पैसे उद्या आणून देतो. वरचे तीनशेही देतो, नवीन बॉयलरला लागतील. फक्त कुठे कळवू नका. दोन पोरं आहेत माझी. केस झाली तर संपलो मी.”

मुलगा म्हणाला, “घेऊ या. आपलं नुकसान भरून निघतंय, अजून काय पाहिजे? माणूस आपला आहे.”

सून गप्प बसली. तिचंही मन तेच म्हणत होतं. परक्या देशात ज्याला भाऊ म्हटलं, ज्याने बाप्पाचं मखर उभं केलं, त्याच्या पोटावर पाय द्यायचा? आणि नोंदणी नसताना गॅसचं काम केलं तर कायद्यात नुसता दंड नाही, तुरुंगही आहे.

माई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “पैसे परत घ्या की. पण त्याला एवढं विचारा, आणखी कुणाकुणाकडे बसवलेत?”

सुनेने विचारलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग, “वहिनी, ते राहू द्या.”

या एका वाक्याने तिचा निर्णय झाला. भाऊ देऊ करत होता ते पैसे एका घराचे होते आणि मागत होता ते मौन सगळ्या घरांचं. तिने सांगितलं, “पैसे द्या, न द्या, ते आपण नंतर बघू. मी कळवणार आहे. तुम्ही स्वतः त्या घरांना फोन केलात तर तेही मी अर्जात लिहीन.” अर्ज गेला.

गॅस सेफचा निरीक्षक तपासणीला आला, त्याचे पैसे पडत नाहीत. त्याने कपाटातला फळीचा आडोसा काढला. बॉयलरच्या डोक्यावरून जळका वायू बाहेर नेणारा जो पाइप असतो, त्याचा कोपरा भिंतीतल्या नळीत पुरता सरकलाच नव्हता. वरून पांढरं सीलंट फासलं होतं, गुळगुळीत, अगदी बाथरूमच्या फरशीला फासतात तसं. आत बोटभर फट. फरशीच्या कामातला नेटकेपणा इथेही होता, फक्त तो चुकीच्या ठिकाणी होता. शिवाय गॅसची नळी 15 मिलिमीटरची, 22ची हवी होती. त्यामुळे बॉयलर जोरात चालला की दाब कमी पडायचा. निरीक्षकाने सगळं लिहून घेतलं. पुढे दाव्यात हाच कागद उपयोगी पडला.

लंडनला गॅसच्या कामातल्या चुकीची किंमत फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 16 मे 1968 रोजी शहराच्या पूर्व भागात रोनन पॉइंट ही 22 मजली नवी कोरी इमारत एका कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत ढासळली. अठराव्या मजल्यावर एका बाईने पहाटे चहासाठी शेगडी पेटवली आणि गळणारा गॅस भडकला. चौघे गेले. गॅसच्या नळीवरचा एक पितळी नट सदोष निघाला. त्यानंतर, 1970मध्ये, गॅसचं काम करणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली. 1991मध्ये ती सक्तीची झाली आणि 2009पासून ती गॅस सेफकडे आहे. नोंदणी झालेल्या माणसाला मिळणारं पिवळं कार्ड ज्यांना नुसता सरकारी सोपस्कार वाटतं, त्यांनी हा नट आठवावा.

अर्जाबरोबर सुनेने आणखी एक काम केलं, आणि ते मला अर्जाहून अवघड वाटतं. मंडळाच्या ग्रुपवर भाऊची तारीफ ज्यांनी ज्यांनी केली होती, त्या प्रत्येकाला तिने फोन लावला. काहींनी आभार मानले. एका घरात दीड महिन्याचं बाळ होतं, बॉयलर त्याच्याच खोलीतल्या कपाटात. तिथे सुदैवाने जोड घट्ट निघाला, नळी मात्र बदलावी लागली. एक बाई तिच्यावर उखडल्या: “आपल्याच माणसाला असं चव्हाट्यावर आणायचं? तुमच्या सासूबाईंना सर्दी झाली असेल.” गणपतीच्या बैठकीत दोघी समोरासमोर आल्या तेव्हा त्यांनी मान फिरवली. सुनेने वीसेक पाउंडांचा अलार्म विकत घेतला आणि त्यांच्या दाराशी ठेवून आली, सोबत निरीक्षकाच्या कार्यालयाचा नंबर.

भाऊवर गॅसच्या कामाची बंदी आली. खटला मोठा झाला नाही. त्याने स्वतःहून घरांची यादी दिली, हे त्याच्या उपयोगी पडलं. पैशांसाठी मात्र सुनेने छोट्या दाव्यांच्या न्यायालयात कागद दिलेच. दहा हजार पाउंडांपर्यंतचे दावे तिथे वकिलाशिवाय चालतात. हप्ते ठरले, आणि भाऊ ते वेळेवर देतो. तो आता एका नोंदणीकृत फिटरच्या हाताखाली जातो, परीक्षेची तयारी करतो. फरशीची कामं त्याला अजून मिळतात. सुनेने स्वतः त्याला दोन घरं मिळवून दिली, आणि ज्यांना ते विसंगत वाटलं त्यांना ती म्हणाली की फरशीबद्दल तिची तक्रार कधीच नव्हती.

मार्चमध्ये त्या उखडलेल्या बाईंचा फोन आला. अलार्म वाजला नव्हता, पण त्यांच्याकडे बॉयलर तपासायला कुणी यायचं होतं. “अगं,” त्या जरा अडखळत म्हणाल्या, “त्या कार्डावर नेमकं काय बघायचं असतं?”

“फोटो त्याचाच आहे ना ते बघा, मुदत संपलेली नाही ना ते बघा. मग उलटं करायला सांगा. कुठकुठलं काम करायची परवानगी आहे ते मागे लिहिलेलं असतं. नुसती शेगडी लिहिली असेल तर बॉयलरला हात लावू देऊ नका. आणि काकू, मागायला लाजू नका. जो शिकलेला असतो तो आपणहून दाखवतो.”

“थांब,” काकू म्हणाल्या, “लिहून घेते.”